घमेलं कोणी उचलून दिलं?

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेणखताचं एक टोपलं उचलणं. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, वांग्याची रोपं लावायची होती. घरच्या बाईनं टोपलं भरलं, डोक्यावर चुंबळ, म्हणजे कापडाचं गोल वेटोळं, ठेवली आणि मला हाक मारली.

"अजी, हात लावा जरासा."

मी पेपर वाचत होतो. "थोडं थोडं नेऊन दोन खेपा कर ना. मले कायले उठवतं?"

"पेन्शन बसून खाता. एक टोपलं उचललं तं काय झिजते तुमचं?"

उठलो. दोन्ही हातांनी टोपलं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. तिनं मान जराशी हलवून ते बसवलं आणि चालू लागली. चार पावलं गेल्यावर मागं न वळता म्हणाली, "थ्या कोंढ्याकडच्या मायले आता कोण हात लावून देत असन?"

हा प्रश्न ती दर दोन-चार महिन्यांनी विचारायची आणि मी दर वेळी गप्प बसायचो. दुपारी जेवून ती जराशी आडवी झाली. चार वाजता चहा मांडायला उठायची सवय होती. उठली नाही म्हणून मी हाक मारली. डॉक्टर आले, म्हणाले हार्ट. बस, एवढंच.

कोंढ्याकडची ती माय कोण, हे सांगायला लिहायला बसलो आहे. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. जन्मभर पंचनामे लिहिले, दुसरं काही लिहिलं नाही. तेव्हा भाषा साधीच राहील. नावं कोणाचीच देत नाही. नोकरीतल्या मोठ्या मोठ्या केसेस आता आठवत नाहीत, दरोडे आठवत नाहीत, खून आठवत नाहीत. ही एका साध्या मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, केस मात्र कालची असल्यासारखी समोर उभी राहते.

मी त्या वेळी आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होतो; सगळे जमादार म्हणत. आषाढाचे दिवस होते. आमच्याकडे रोवणा लागला, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली, की गावातले हात सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातात. हॉटेलात कप धुवायला माणूस मिळत नाही, मग बांधकामावर कुठून मिळणार? हायवेच्या बाजूला एक तीन मजली गाळ्यांची इमारत चालू होती. तिथल्या निम्म्या रेजा रोवण्याला निघून गेल्या होत्या. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन माल वाहणारी बाई. ज्या राहिल्या त्यांच्यावर दुप्पट काम पडलं होतं.

सकाळी अकराच्या सुमारास फोन आला की साइटवर एक रेजा पडून मेली. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली, अकस्मात मृत्यू दाखल केला आणि चौकशी माझ्याकडे दिली. त्याच दिवशी दुपारी एका मोठ्या पुढाऱ्याचा दौरा होता. सगळं ठाणं बंदोबस्ताला. ठाणेदार साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "जमादार, लवकर आटपा. तीन वाजता मला तुम्ही चौकात पाहिजे."

मी गेलो. इमारतीच्या मधोमध हवेसाठी सोडलेली चौकोनी मोकळी जागा होती, वरपासून खालपर्यंत. तिच्या तळाशी ती पडली होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, त्यावरून पदर, सगळं रक्तानं आणि सिमेंटनं भरलेलं. दोन फुटांवर पिवळं हेल्मेट पडलेलं.

ठेकेदाराचा सुपरवायझर शेजारी उभा होता. तिशीतला पोरगा, बोलायला चांगला. म्हणाला, "साहेब, आमी सगळ्याइले हेल्मेट देतो. हिनं काढलं असन. मोबाईलवर बोलत कठड्याकडे गेली, तोल गेला. वर एकटीच होती."

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि एक हमाल घेतला. दोघांनी न वाचता सही केली. मी लिहिलं, "मयताने डोक्यातील हेल्मेट काढून ठेवून स्वतःच्या हयगयीने तोल जाऊन वरून खाली पडून मरण पावल्याचे दिसते."

नोकरीला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या फौजदारानं मला एकच गोष्ट शिकवली होती. पंचनाम्यात डोळ्याला दिसलं तेवढंच लिहायचं, कानाला ऐकू आलं ते जबाबात लिहायचं. हेल्मेट पडलेलं मला दिसलं होतं. काढलेलं दिसलं नव्हतं. हयगय तर कोणालाच दिसत नसते. मी तीन वाजता चौकात वेळेवर पोहोचलो.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. मी ठाण्यातल्या गोष्टी घरी सांगत नसे, पण ती पोरगी तरुण होती, मनातून जात नव्हती. आमची घरची लग्नाआधी चार उन्हाळे कालव्याच्या कामावर रेजा होती. तिनं भात वाढता वाढता हात थांबवला.

"हेल्मेट होतं म्हनता?"

"होतं. बाजूले पडलं होतं."

"मंग चुंबळ कोठी ठेवे थे? हेल्मेटच्या वर?"

मी जेवत राहिलो.

"अजी, हेल्मेटवर घमेलं राह्यते का? गोल गुळगुळीत थे. तुमीच सांगा. आन भरलं घमेलं बाईले एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. कोनीतरी उचलून देते. हिले कोनं देल्लं? मंग एकटी कशी होती थे?"

पोलिसाला खबर देणारे लोक ठरलेले असतात. पानटपरीवाला, रिक्षावाला, एखादा जुना चोर. या केसमध्ये खबर माझ्याच चुलीजवळून आली, आणि मी म्हणालो, "पोलिसातलं तुले काय समजते? जेवू दे."

तिनं राहिलेला भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मयताची आई ठाण्यात आली. कोंढ्याकडच्या एका गावची. पोरीचं लग्न मोडलं होतं, ती आईजवळच राहत होती. दोघीच घरात. आईला मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद हवा होता. तो कागद तिला बाहेर बसलेल्या अर्जनविसानं वाचून दाखवला. ती पुन्हा आत आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, हयगय म्हनजे काय?"

"म्हणजे... ध्यान ठेवलं नाही."

"कोनं?"

मी समोरची फाईल उघडली.

"माह्या पोरीनं ध्यान ठेवलं नाही? थे भरली कळशी घेऊन तलावाच्या पारीवरून चाले, थेंब सांडत नव्हता. तुमी पायलं का तिनं ध्यान नाही ठेवलं थे?"

"माय, सुपरवायझरनं सांगितलं..."

"तं त्याच्या नावानं लिवा. तुमच्या नावानं काहून लिवलं?" ती रडत नव्हती. "थेवढं कागदावरून पुसून टाका. मले दुसरं काई नोको."

कागदावरचं पुसता येत नाही, हे मी तिला सांगितलं. पण मी दुसरा कागद लिहीन, असंही बोललो. तो शब्द मी दिला होता. त्याच दिवशी साइटवर जायला हवं होतं. गेलो नाही. बायकोनं सांगितल्यावर जायचं, हे मनाला पटत नव्हतं. खरं कारण एवढंच आहे.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून कपड्यांचं सीलबंद गाठोडं आणि डॉक्टरांची यादी आली. रायटर मुद्देमाल रजिस्टरला चढवत मोठ्यानं वाचत होता. साडी एक, ब्लाउज एक, स्कार्फ एक. मग म्हणाला, "कापडी चुंबळ एक, सिमेंट लागलेली, स्कार्फच्या आत केसांवर बांधलेली. जमादार, हे चुंबळ कुठल्या रकान्यात लिहू?"

मी उठून बाहेर गेलो आणि नळाचं पाणी प्यालो.

मग साइटवर गेलो. तिसऱ्या मजल्यावर त्या मोकळ्या जागेभोवती नवाकोरा लोखंडी कठडा, वेल्डिंगचा वास अजून येत होता. खाली हिरवी जाळी बांधलेली. भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरात "सुरक्षा प्रथम". रंग ओला होता, माझ्या बोटाला लागला. पहिल्या दिवशी काय नव्हतं, हे माझ्या पंचनाम्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. कठडा नव्हता असं लिहिलं नव्हतं. जाळी नव्हती असंही नाही. तेव्हा आता जे उभं होतं ते पहिल्यापासून होतं, असं कोणीही म्हणू शकत होता.

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं. तो चार हेल्मेट घेऊनच आला, पुराव्याला. आतल्या पट्ट्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं.

"हे घाल डोक्यावर."

"मी कायले, साहेब?"

"घाल."

ठाण्याच्या अंगणात फुलझाडांसाठी घमेलं होतं. शिपायाला माती भरायला लावली.

"आता हे डोक्यावर घे आन फाटकापर्यंत चाल. नाही पडलं तं तू खरा."

"मस्करी कायले करता, साहेब?"

शिपायानं घमेलं त्याच्या डोक्यावर टेकवलं. हात सोडायच्या आतच ते घसरलं. माती सुपरवायझरच्या खांद्यावरून बुटांत गेली. आतून ठाणे अंमलदार म्हणाला, "जमादार, माळी ठेवला का नवा?" शिपाई हसला. सुपरवायझर हसला नाही. तो पायरीवर बसला आणि बूट काढून झटकू लागला.

चौकशीचं एक सांगतो. माणसाला मारून जे निघत नाही, ते त्याला त्याचंच काम करून दाखवायला लावलं की निघतं. त्याला आपलं खोटं स्वतःच्या हातात दिसतं.

"हेल्मेट घालून घमेलं वाह्यता येत नाही, हे मले मालूम नाही का, साहेब?" तो बुटाकडे पाहत म्हणाला. "पन कागदावर लागते. तपासनीले कोनी आला का पाच-सहा डोक्यावर ठेवतो, फोटो काढतो, पुन्हा डिक्कीत. सगळ्याच साइटीवर असंच हाय."

"मग तिच्याजवळ हेल्मेट कसं आलं?"

"मीच ठेवलं. फोन आला होता."

"कोणाचा?"

त्यानं वर पाहिलं. वर आमच्या ठाण्याची कौलं होती. फोन वरूनच आला होता, एवढं मला कळलं.

"कुठून पडली ती? कठड्याजवळून?"

"कठडा कोठी होता, साहेब. बाया कमी होत्या. जिन्यानं फिरून याले टाइम लागे. म्हून मी मधातून दोन फळ्या टाकून देल्ल्या होत्या, इकडून तिकडं. पावसानं ओल्या होत्या."

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. फळ्या कधीच हलवल्या होत्या. मला साक्षीदार पाहिजे होता. आणि घरच्या बाईनं दोन दिवसांपूर्वी विचारलेला प्रश्न मी आता त्याला विचारला.

"घमेलं कोणी उचलून दिलं?"

त्यानं दुसरा बूट झटकला. मग म्हणाला, तिची जोडीदारीण होती, मोहाडी तालुक्यात करडीकडची. पडल्यावर घंटाभरातच त्यानं तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. रोवण्याचे दिवस आहेत, घरी जा, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी करडीकडे गेलो. गावात विचारत विचारत एका बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोहोचलो. बारा-पंधरा बाया ओळीनं वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या, पाठीवर प्लास्टिक बांधलेलं. मी बूट हातात घेऊन चिखलात उभा होतो.

एक म्हातारी म्हणाली, "काहो जमादार, रोवण्याले आले का? या मंग, परे घ्या हातात."

दुसरी म्हणाली, "त्याले कायले बोलवतं वो माय? थो रोवन तं धान उलटं उगवन."

सगळ्या हसल्या. एक जण हसली नाही. मला कळलं तीच असेल. मी नाव विचारलं, तिनं मान हलवली, पण हात थांबवले नाहीत.

"उभी राहून बोल, बाई."

"उभी राह्यली तं माही पात मांगं राह्यते. इचारा ना, कानानं आयकू येते मले."

मी विचारलं. ती रोवत रोवत बोलत होती, चिखलाकडे तोंड करून.

"हेल्मेट होतं का तिच्या डोक्यावर?"

"कोठचं हेल्मेट, साहेब. तिची चुंबळ पाण्यानं भिजून ढिली झाली होती. मीच स्कार्फच्या आत सरकवून बांधून देल्ली."

"मोबाईलवर बोलत होती?"

"दोन हात घमेल्याले. मोबाईल कोन्त्या हातात धरन?"

"घमेलं कोणी उचलून दिलं?"

"मी." दोन-तीन मुठी रोवून झाल्या. "थे म्हने, बाई, फळी हालून रायली, जिन्यानं जातो. मी म्हटलं, जाय ना लवकर, मिस्त्री बोंबलून रायला. मी म्हटलं, जाय."

तिचे हात थांबले. ती वाकलेलीच राहिली, उभी झाली नाही. ओळ पुढं सरकली, तिची पात मागं राहिली. मग शेजारच्या बाईनं तिच्या वाटणीच्या चार मुठी रोवून दिल्या.

"मी आता कोनाले टोपलं उचलून देत नाही," ती म्हणाली. "घरी बी नाही देत."

तिचा जबाब मी धुऱ्यावर बसून लिहिला. अंगठा घेतला, शाईच्या आधी तिच्या बोटाचा चिखलच कागदाला लागला. परत येऊन सरकारतर्फे मीच फिर्यादी झालो. हयगयीनं मृत्यूस कारणीभूत झाल्याचं त्या वेळचं कलम ३०४ अ लावलं, ठेकेदार आणि सुपरवायझर दोघांवर. ठाणेदार साहेब म्हणाले, "जमादार, तुमच्याच पंचनाम्याच्या उलट तुम्ही फिर्याद देता आहात. उद्या कोर्टात उभे राहाल तेव्हा माझी आठवण काढाल." काढली.

घरी सांगितलं की तू म्हणत होतीस तसंच निघालं. ती म्हणाली, "दोन दिवस उशीर केला तुमी." त्यानंतर ती हे वाक्य पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

केस उभी राहायला वर्षं गेली. तोवर मी निवृत्त झालो होतो. जोडीदारीण करडीहून साक्षीला आली. तिला लोकांनी पुष्कळ समजावलं होतं, पण ती जागची हलली नाही. जे धुऱ्यावर बोलली तेच बोलली. मला वाटलं, झालं. मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो.

आरोपीच्या वकिलानं माझा पहिला पंचनामा माझ्या हातात दिला.

"हे अक्षर तुमचं?"

"होय."

"हेल्मेट मृतदेहाजवळ होतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं."

"कोणी ठेवताना पाहिलं?"

"नाही."

"कठडा नव्हता असं यात कुठं लिहिलं आहे?"

"नाही लिहिलं."

"'स्वतःच्या हयगयीने' हे शब्द कोणाचे?"

"माझे."

मग चुंबळ निघाली. मी वाट पाहत होतो की चुंबळ सगळं सांगेल. वकील शांतपणे म्हणाला, "म्हणजे हेल्मेट दिलं होतं आणि बाईनं ते काढून त्या जागी चुंबळ बांधली. बरोबर? हीच हयगय तुम्हाला त्या दिवशी दिसली असणार."

ज्या चुंबळीवर मी केस उभी केली होती, तीच त्यानं उलटी करून त्या पोरीच्या डोक्यावर ठेवली. आणि त्याला ती उचलून देणारा मीच होतो.

आरोपी संशयाचा फायदा देऊन सुटले. निकालात लिहिलं की मयत महिलेनं सुरक्षेचं साधन वापरण्यात कसूर केल्याचं घटनास्थळ पंचनाम्यावरून दिसून येतं. सरकारी वकील म्हणाले, वर जाण्यासारखं यात काही नाही.

कोर्टाच्या बाहेर कडुनिंबाखाली माय बसली होती. मला पाहून उठली.

"काय लिवलं, साहेब?"

मी म्हणालो, "केस वरच्या कोर्टात जाईल, माय. तिथं होईल." आणि बस सुटते म्हणून निघून आलो. बस सुटायला अजून अर्धा तास होता.

घरी मी खरं सांगितलं. घरची म्हणाली, "जाऊन तिले सांगून या." मी गेलो नाही. दर वर्षी ती म्हणायची, जाऊन या. दर वर्षी मला काही ना काही काम निघायचं.

या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. शिकलो ते काही कामाचं नाही. डोक्यावर माल वाहायला लावायचा आणि त्याच डोक्यावर हेल्मेट घाला म्हणायचं, हे दोन्ही एका डोक्यावर राहत नाही. हे ठेकेदाराला माहीत आहे, तपासणाऱ्याला माहीत आहे, रेजेला तर माहीतच आहे. माल वर चढवायला चाकाची दोरी लावली, घमेलं डोक्यावरून उतरवलं, तर हेल्मेट डोक्यावर बसेल. ओल्या फळीऐवजी बाई जिन्यानं गेली तर दहा मिनिटं जास्त लागतील, एवढंच. पण हे कोणी करत नाही, कारण फोटोत हेल्मेट दिसतं, दहा मिनिटं दिसत नाहीत. आता तर मजुरांना सरकारी पेटीत हेल्मेट मिळतं. आमच्या गावात त्यात कोंबड्यांना पाणी ठेवतात. मागच्याच महिन्यात आमच्या गल्लीत एक स्लॅब पडला, म्हणजे ओतला. रेजा चुंबळ घेऊन वर चढत होत्या, कडेला कठडा नाही. मी जाऊन बोललो. मिस्त्री म्हणाला, "बाबाजी, ऊन लागून रायलं, घरी बसा." मी घरी येऊन बसलो. वर्दी असती तरी काय केलं असतं? पडल्यावर पंचनामा लिहिला असता.

घरच्या बाईची तेरवी झाली. पोरगी-जावई नागपूरला परत गेले. सांदवाडीत शेणखताचा ढीग तसाच होता, वांग्याची रोपं सुकून गेली होती. टोपलं भरून पाहिलं. एकट्यानं डोक्यापर्यंत नेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं निघालो. दोन बस बदलून कोंढ्याकडे उतरलो आणि विचारत तिच्या घरी गेलो. माय आता पुरती वाकली आहे. अंगणात गोवऱ्यांचा ढीग होता आणि दोन टोपली भरून ठेवलेली. तिनं मला ओळखलं नाही. मी सांगितलं तेव्हा ओळखलं.

मी उभ्या उभ्याच बोललो. "माय, निकालात तुझ्या पोरीचीच चूक लिहिली आहे. ती तिची नव्हती. माझ्या पहिल्या कागदामुळं तसं झालं. मी लिहायला नको ते लिहिलं आणि पुसायला उशीर केला. वरच्या कोर्टात काही गेलं नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो."



"मी वरच्या कोर्टाची वाट पाहून रायली होती," ती म्हणाली. "पोस्टमन गावात आला का इचारतो मी त्याले. कालही इचारलं."

तिची नजर माझ्या मुंडलेल्या डोक्यावर गेली.

"डोकं काहून उतरवलं?"

"घरची गेली."

तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि भरलेल्या टोपल्याकडे बोट दाखवलं.

"हात लावा."

मी वाकून टोपलं उचललं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. तिनं मान जराशी हलवून ते बसवलं. मग भिंत धरत धरत मागच्या छपरीकडे गेली. मी दुसऱ्या टोपल्याजवळ उभा राहिलो, ती परत येईपर्यंत.